चौदा नंबरची पेटी

"मग कधी, माई?"

शशिकांतनं हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माई मधाच्या पेटीतल्या चौकटीवरचं जुनं मेण खरवडत होत्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मेणच खरवडत होत्या.

आता त्यांनी सुरी खाली ठेवली.

"शिंक आली की."

"कुणाला?"

"तुला. दुसऱ्या कुणाला?"

शशिकांत हसला. त्याला वाटलं, माई थट्टा करतायत.

"माई, दोन वर्षं झाली. मला एक शिंक आलेली नाही."

"व्हय," माई म्हणाल्या. "म्हणून तर."

आणि मग त्या स्वतःच शिंकल्या. एक, दोन, तीन... सात. पदरानं नाक पुसून त्यांनी पुन्हा सुरी उचलली.

कार्तिकातली सकाळ होती. पठारावरचं कुसळी गवत फुलोऱ्यावर आलं होतं आणि वारा सुटला की त्याची बारीक पिवळट धूळ उडत होती.

येसूमाईंचं घर पठाराच्या कडेला, भैरोबाच्या देवळामागं. दोन खोल्या, एक पडवी, आणि खाली उतारावर मांडलेल्या सव्वीस पेट्या. प्रत्येक पेटीचे चार पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. पेट्यांत सातेरी जातीच्या मधमाश्या. माईंचे सासरे झाडाच्या ढोलीतल्या माश्या सांभाळायचे. नवऱ्यानं पेट्या आणल्या. नवरा गेल्यावर माईंनी त्या तीस वर्षं एकटीनं सांभाळल्या.

लोक लांबून मधासाठी यायचे. कुणाचा घसा, कुणाचा खोकला. सगळ्यांत जास्त नाकाची माणसं. सकाळी उठल्या उठल्या शिंका, डोळ्यांना पाणी, नाक चोंदलेलं.

मध देण्याची तिथं एक रीत होती. देणाऱ्यानं आधी एक थेंब आपल्या तळहातावर घ्यायचा, घेणाऱ्यासमोर चाखायचा, त्याच्याकडं बघून एक खरं वाक्य बोलायचं, आणि मगच पळी पुढं करायची. एखाद्या साली माश्या कडू फुलांवर जातात. तसला मध कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेली ही रीत.

माईंचं वाक्य ठरलेलं होतं.

"गोड हाय. घशाला बरं वाटंल."

एवढंच. नाकाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ते मला ठावं न्हाई. माझंच ऱ्हात न्हाई. डाक्टरला दाखवलंस का?"

आणि कार्तिक असला तर बोलता बोलता शिंकायच्या.

शशिकांत चार वर्षांपूर्वी इथं आला तो असंच लाल नाक घेऊन. एका शाळेच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. ती शाळा बंद पडली. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. आठ दिवस राहीन म्हणून आला आणि राहिलाच.

त्याचं वाचन पुष्कळ होतं. मधात काय काय असतं, माश्यांनी गोळा केलेल्या परागात काय असतं, मेणात काय असतं, हे तो माईंना समजावून सांगायचा. माई ऐकायच्या.

"एवढं समदं असतं व्हय त्यात," त्या म्हणायच्या. "आन माणसं बिचारी गोड म्हणूनच खात्यात."

एकदा त्यानं सुरेख अक्षरात पन्नास चिठ्ठ्या लिहिल्या. *मध, पराग, मेण. नाकाच्या सर्व तक्रारींवर.* बाटल्यांवर चिकटवायला म्हणून माईंच्या हातात दिल्या.

महिन्यानं त्याला त्यातली एक चिठ्ठी लोणच्याच्या बरणीवर, फडक्याखाली सापडली. बाकीच्या चुलीपाशी होत्या.

"कागद बरा हाय," माई म्हणाल्या. "लवकर पेटतो."

तो रागावला नाही. माईंवर त्याचा फार जीव होता. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा थेंबांच्या बाटलीसाठी भर पावसात तो दोन तास चालत तालुक्याला गेला होता. हातमोजे न घालता पेटी उघडायला तो माईंकडूनच शिकला. राणीमाशी ओळखायला शिकला. धूर किती द्यावा, कधी देऊ नये, तेही शिकला.

शिकला नाही ते एकच. माईंच्या शिंकांची त्याला लाज वाटायची.

"माई, चार माणसं बसलेली असताना आत जाऊन शिंकत चला."

"कशापायी?"

"लोक काय म्हणतील? मध देणारीच शिंकते."

"शिंकती तर शिंकती. नाक माझं हाय. त्यांच्या घरनं आणलंय का?"

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात असाच एक गृहस्थ आला होता. माई शिंकत होत्या, शेजारी शशिकांतही शिंकत होता. तो गृहस्थ म्हणाला, "गुरू शिंकतोय, चेला शिंकतोय. मग आम्ही मध घेऊन करायचं काय?"

माई पोट धरून हसल्या. "पोळीसंगं खा," म्हणाल्या.

शशिकांतला मात्र ते लागलं.

पुढच्याच आठवड्यात तो तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांनी त्याला नीट तपासलं आणि एक बारीक पांढरी गोळी दिली. रोज एक. चार दिवसांत नाक थांबलं.

त्यात वाईट काहीच नव्हतं. माईंना येऊन सांगितलं असतं तर त्यांनी पाणीच दिलं असतं गोळी गिळायला.

पण त्यानं सांगितलं नाही. मधाजवळ राहणारा माणूस गोळ्या खातो म्हटल्यावर माईंच्या मधाचं नाव जाईल, असं त्याला वाटलं. रोज पहाटे तो ओढ्यावर जायचा आणि देवळाकडं पाठ करून गोळी घ्यायचा.

"नाक बरं झालं की तुमचं," लोक म्हणू लागले.

"हो."

"मधानं?"

तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याचं हळूहळू वाक्य झालं.

रिकाम्या पाकिटांचं काय करावं, हा एक प्रश्न होता. जाळली तर प्लास्टिकच्या वासानं माश्या चवताळतात. ओढ्यात टाकावीत तर तेच पाणी प्यायचं. केर रोज माई स्वतः काढायच्या.

तेव्हा चौदा नंबरच्या पेटीतल्या माश्या नुकत्याच उठून गेल्या होत्या. पेटी उताराच्या टोकाला रिकामी पडून होती. शशिकांतनं पाकिटं तिच्यात टाकायला सुरुवात केली. तिला कोण हात लावतंय.

त्याच फाल्गुनात माश्यांचा एक थवा देवळाच्या आंब्यावर येऊन बसला. माईंनी तो अलगद उतरवला. शशिकांतच्या मनात आलं, आता माई चौदा नंबरची पेटी मागणार.

माईंनी एक जुनं मडकं घेतलं, त्याच्या बुडाला भोक पाडलं, माश्या आत सोडल्या आणि मडकं पडवीच्या वाशाला टांगलं.

"पेटी आहे ना रिकामी?" तो म्हणाला. न विचारणं बरं दिसलं नसतं म्हणून म्हणाला.

"असू दे," माई म्हणाल्या. "मडकंबी घरच हाय."

शशिकांतनं सुटकेचा श्वास टाकला. म्हातारीचे डोळे गेले, असं त्याला वाटलं. डोळे गेले होते खरे. पण पेटीची एक कड दोन बोटांनी उचलून आत किती मध आहे ते माई अजूनही सांगायच्या. आणि दर अमावास्येला त्या सव्वीसच्या सव्वीस पेट्या अशा उचलून बघायच्या.

तर त्या कार्तिकातल्या सकाळी माई मेण खरवडत होत्या आणि शशिकांत विचारत होता, की मध माझ्या हातानं कधी देऊ द्याल.

"चार वर्षं झाली, माई. मला सगळं येतं."

"येतं की."

"मग काय कमी आहे?"

माई काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात खालून हाक आली.

"माई... आहात का घरी?"

पाऊलवाटेवरून एक बाई वर येत होती. तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात नऊदहा वर्षांच्या मुलीचा हात. मुलगी दर चार पावलांना थांबत होती.

शशिकांतनं त्या बाईला ओळखलं. ती सुलभा. घाटाखालच्या गावात शाळेचे गणवेश शिवायची. मुलगी तिची, रेवती.



"बसा, बसा," माई म्हणाल्या. "पोरीला भिंतीशी बसव. ताठ. हां, अशी."

रेवती बसली. तिचं तोंड उघडं होतं. नाकपुड्या लाल झाल्या होत्या. ती श्वास घ्यायची तेव्हा आत कुठंतरी बारीक शिट्टी वाजायची.

"वाटेत पाचदा बसली," सुलभा म्हणाली. "एसटीतनं उतरलो तेव्हा बरी होती. गवतातनं यायला लागलो आणि..."

"काय चालू हाय तिला?"

"मध."

"ते झालं. औषद?"

"डॉक्टरांनी दम्याचा पंप दिलेला. रोज दोनदा ओढायचा, आणि धाप लागली की लगेच. पण तो आता बंद केलाय, माई. सहा आठवडे झाले."

माईंचा हात थांबला.

"कुणी सांगितलं बंद कर म्हणून?"

"सांगितलं नाही कुणी." सुलभानं शशिकांतकडं बघितलं. तिच्या बघण्यात तक्रार नव्हती. मायाच होती. "भाद्रपदात आले होते ना मी. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तुम्ही नव्हता. या दादांनी मध दिला."

मडक्यातल्या माश्यांचा आवाज तेवढा येत होता.

"दिलास?" माईंनी विचारलं.

"दिला," शशिकांत म्हणाला.

"चाखलास आधी?"

"चाखला."

"आन वाक्य?"

त्याच्या वतीनं सुलभाच बोलली.

"म्हणाले, माझंही नाक असंच होतं. आता दोन वर्षांत एक शिंक नाही."

माईंनी मान हलवली.

"वाक्य खरं हाय," त्या म्हणाल्या.

शशिकांतनं खाली बघितलं.

"मग मी म्हटलं, यांचं थांबलं तर माझ्या पोरीचं का थांबणार नाही? पंप काय जन्मभर ओढायचा? आज थोडा त्रास आहे तिला. पण मध संपला होता चार दिवस, त्यानं असेल. म्हणून घेऊन आले."

"पंप कुठं हाय?"

"पिशवीत आहे. नेहमी असतो."

"काढ. आत्ता दे तिला."

सुलभानं पिशवी उचलली, मांडीवर घेतली, आणि तशीच धरून बसली.

"माई, रागावणार नाही ना?"

"बोल."

"तुम्ही काळजीनं सांगताय. कळतंय मला. पण तुमचं नाक तर... म्हणजे तुम्हाला गुण आलाच नाही. दादांना आलाय. मग मी ऐकू कुणाचं?"

"बरोबर हाय तुझं," माई म्हणाल्या.

आणि शिंकल्या. एक, दोन, तीन, चार.

रेवती हसली. हसताना तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर शिट्टी आणखी मोठी झाली. ती पुढं वाकली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसली. तशीच बसून तिनं शशिकांतकडं मान वळवली.

"काका... तुम्हाला... किती दिवस लागले?"

तीन दमांत तिनं एवढं विचारलं.

शशिकांतनं माईंकडं बघितलं. आता त्या बोलतील, पंप द्यायला लावतील, काहीतरी करतील.

माई उठल्या. आत गेल्या आणि मधाचं भांडं घेऊन आल्या. त्यांनी ते शशिकांतच्या पुढ्यात ठेवलं. वर पळी ठेवली.

"पोर विचारतीय," त्या म्हणाल्या. "सांग तिला. आज तूच दे."

चार वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते एवढ्या साधेपणानं समोर आलं.

त्यानं पळी उचलली. रीतीप्रमाणं एक थेंब तळहातावर घेतला. सुलभा त्याच्याकडं बघत होती. रेवती त्याच्याकडं बघत होती. माई मेणाचा गोळा दाबत होत्या.

त्यानं हात तोंडाजवळ नेला...

थेंब तळहातावरून मनगटाकडं ओघळला. त्यानं तो चाखला नाही.

तो उठला आणि उतारावरून खाली गेला. पहिल्या पेटीपासून मोजायची गरज नव्हती. टोकाच्या पेटीशी तो वाकला, ती दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरून वर घेऊन आला. तिच्या पायांच्या वाट्या कधीच कोरड्या पडल्या होत्या.

पडवीच्या पायरीखाली, मुलीपासून लांब, त्यानं पेटी ठेवली. आणि झाकण उघडलं.

दोन वर्षं बंद असलेल्या पेटीतून धुळीचा लोट उठला. मेणकिड्यांची जाळी, कुजक्या लाकडाचा भुगा. आणि आत, चौकटी असायच्या तिथं, रिकाम्या पाकिटांचा ढीग. उन्हात चकाकणारा.

"मला गोळ्या लागल्या," तो म्हणाला. "रोज एक. डॉक्टरांनी दिल्यात. आज पहाटेही घेतली. माझं नाक मधानं नाही थां..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. धूळ नाकात गेली होती.

तो शिंकला. पुन्हा शिंकला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी शिंका थांबेनात. गोळी, दोन वर्षांची सवय, काही उपयोगी पडलं नाही. पायरीला धरून तो शिंकत राहिला.

"तीन..." रेवती मोजत होती. "चार..."

पाचाला तिचा श्वास पुरला नाही.

पण सुलभानं तोवर पिशवीतलं सगळं जमिनीवर ओतलं होतं. डबा, टॉवेल, पाण्याची बाटली. त्यातून तिनं पंप उचलला, टोपण काढलं, हलवला आणि मुलीच्या ओठांशी धरला.

"ओढ, बाळा. सावकाश. आता धरून ठेव."

मग पुन्हा एकदा.

माई रेवतीच्या पाठीशी बसल्या. त्यांचा मेणानं माखलेला हात तिच्या पाठीवरून फिरत होता. शशिकांत पायरीपाशी उभा होता. वर यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

शिट्टी बारीक झाली. आणखी बारीक झाली. मुलीचे खांदे हळूहळू खाली आले.

मग सुलभा त्याच्याकडं वळली.

"दादा," ती म्हणाली, "मी रोज तुमच्या नावानं देवापुढं हात जोडत होते हो."

ती एवढंच म्हणाली. शशिकांतला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माईंचं नाव राखायचं होतं," तो म्हणाला.

"माझं?" माई म्हणाल्या. "ते कुठं निघालं हुतं?"

त्यानं उघड्या पेटीकडं बघितलं.

"अकराची एसटी हाय," माई सुलभाला म्हणाल्या. "सरळ डाक्टरकडं जा. पंप बंद केला हुता ते सांग. वरडतील. वरडू दे. ते सांगतील तसं कर, त्यांना न इचारता काय बंद करू नगंस. शशी येईल संगं. पोरीला पाठीवर घेईल, गवतातनं चालवू नगं. नाकावर ओला रुमाल बांध तिच्या."

"मी येतो," शशिकांत म्हणाला. "डॉक्टरांनाही मीच सांगतो, काय झालं ते."

सुलभानं सांडलेलं सामान पिशवीत भरायला घेतलं. रेवतीनं इकडंतिकडं बघितलं.

"आणि मध?" तिनं विचारलं. आता ती एका दमात बोलली. "घसा दुखतोय माझा. खोकून खोकून."

माईंनी शशिकांतकडं बघितलं नाही. त्यांनी फक्त पळीची मूठ त्याच्या बाजूला वळवली.

शशिकांत पायरी चढून वर आला. हात धुतले, पंच्यानं कोरडे केले आणि मुलीसमोर मांडी घालून बसला. तळहातावर नवा थेंब घेतला. चाखला. नाक चोंदल्यामुळं चव नीट कळेना, म्हणून आणखी एक थेंब घेतला.

"गोड आहे," तो म्हणाला. "घशाला बरं वाटेल."

रेवती वाट बघत होती.

"शिंका मला अजून येतात."

"नऊ आल्या," ती म्हणाली. "मी चारपर्यंतच मोठ्यानं मोजल्या. बाकीच्या मनात."

त्यानं पळी तिच्यापुढं धरली. तिनं ती चाटूनपुसून साफ केली.

सुलभानं मुलीच्या नाकाला ओला रुमाल बांधला. निघता निघता ती शशिकांतशी काही बोलली नाही. पण त्यानं पाठ वाकवली तेव्हा मुलीचे पाय त्याच्या कमरेशी तिनंच नीट अडकवले.

चार पावलं जाऊन तो थांबला. पाठीवर मुलगी, तोंड माईंकडं.

"माई."

"काय रं?"

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

माई उघड्या पेटीपाशी बसल्या होत्या. आतली जाळी त्या कुंच्यानं काढत होत्या. पाकिटं त्यांनी एका टोपलीत भरली होती. वर वाशाला टांगलेल्या मडक्याच्या भोकातून माश्या बाहेर पडत होत्या. एकीला जागा व्हावी म्हणून दुसरी कडेला सरकत होती.

माईंनी त्या माश्यांकडं बघितलं.

मग त्यांना शिंक आली. ती झाल्यावर त्या म्हणाल्या,

"संध्याकाळच्या आत ये. पेटीला दोन दिस ऊन दाखवू, मग त्या मडक्यातल्या माश्या तुझ्या हातानं हिच्यात घाल. दोन वर्सं अंग चोरून बसल्यात बिचाऱ्या."